हिंगणीच्या पिचरनं बॉल खाली ठेवला

हिंगणी
२७ ऑक्टोबर २०२५

मधुकर,

खुर्चीवर बसून वाच. उभ्यानं वाचशील तं दुकानातल्या रंगाच्या डब्यायवर पडशील, अन् मंदावहिनी मले बोलन.

काल आपल्या पोट्ट्यायनं हिंगणघाटले हरवलं. सहा-दोन. दोनदा वाच, माह्या हातून चूक नाई झाली. आपले गुरुजी अमरावतीहून बेसबॉलच्या हातमोज्यायचं पोतं घेऊन गावात आलते, तेव्हापासून आपण हिंगणघाटच्या हातून मार खाऊन राह्यलो. तू कॅचर अन् मी पिचर होतो तेव्हाही खाल्ला. काल पह्यल्यांदा ते तोंड पाडून टेम्पोत बसले.

पण खरा झटका याच्या आधीचा हाये. गजेंद्र सरानं आचलले पिचिंगवरून काढलं. चांगली दोन वर्षं फेकून राह्यलेली पोट्टी, तिले पह्यल्या बेसवर उभं केलं, अन् तिच्या जागी कोण? अपेक्षा. माही नात. म्या तं सरायच्या अंगावरच गेलो. म्हटलं, सर, सोळा वर्षाची पोट्टी हाये, घरी पाण्याचा गुंड उचलताना वाकडी होते, तिच्याच्यानं काय होणार हाये. सर म्हणाले, काका, तुम्ही तिकडं जाऊन बसा.

बसलो बाप्पा. अन् मंग जे पाह्यलं ते कसं सांगू. तिचा बॉल येते सरळ, बॅटवालीले वाटते आता मारतेच, अन् नेमका तिच्यासमोर खाली उतरते. हिंगणघाटची ती धिप्पाड पोट्टी आठवते? नाई आठवणार, तू पाह्यलीच नाई. तिनं तीनदा बॅट फिरवली अन् तीनदा वाराच मारला. मागं बसून झेलायले आपली गुंजन, सायकलवाल्याची. तिच्या हातमोज्यात बॉल बसला की पारावर आवाज येते.

आचलबद्दल माहं मत सांगतो. बॅटिंगले आली की ती डोळे मिटते. अशीले बाहेर बसवा असं म्या सरायले सांगतलं. तुनं एकही सामना पाह्यला नसला तरी तुले मत असणारच, ते लिहून पाठवजो.

अन् हो, तू आला नाईस त्याबद्दल गावाच्या वतीनं आभार. सेलूले आलता, हरलो. पुलगावले आलता, हरलो. आर्वीले तं तू फक्त बसमधून उतरला अन् मैदानावर आपल्या पिचरचा पाय घसरला. मागच्या वर्षी तुहा नुसता फोन आला, त्याच मिनिटाले बॉल पोट्टीच्या पायातून निघून गेला. म्हणून फोनही बंद केला. पत्र सामना झाल्यावर पोचते, त्याची पनवती लागत नाई असं सध्या तरी दिसून राह्यलं.

नऊ नोव्हेंबरले सेमीफायनल हाये, आपल्याच मैदानावर. नागपूरहून विदर्भाच्या टीमसाठी पोट्ट्या निवडायले दोघं येणार हायेत. अपेक्षा त्यायच्या नजरेत भरली तं तिचं आयुष्य बनून जाईन. खेळाडूच्या जागेवर पोलिसात लागतात पोट्ट्या. माहा धर्मेंद्र असता तं आज गावभर नाचला असता. बॉल पकडायले त्यानंच तिले शिकवलं. तीन वर्षं झाले, समुद्रपूरचा सामना पाहून वापस येताना जामजवळ तो ट्रक आला, अन् काल पह्यल्यांदा म्या त्याचं नाव घेऊन हसलो.

रूपराव


देवळी
३१ ऑक्टोबर २०२५

रूपराव,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. खिळे घ्यायले आलेला माणूस खिळे न घेताच ऐकत उभा राह्यला. मग म्हणाला, शेठ, तुम्ही देवळीत धंदा करता अन् हिंगणीची टीम जिंकली म्हणून पेढे वाटता? म्हटलं, पोट देवळीत भरते, जन्म हिंगणीत झाला. तो पेढा खाऊन गेला अन् खिळे समोरच्या दुकानातून घेतले.

आता माझं मत. आचलले बाहेर बसवायचं नाव काढू नको. पिचिंग गेलं तरी जी पोरगी रुसून घरी नाई बसली, ती टीमच्या कामाची हाये. डोळे मिटते म्हणतोस, तू काय करत होतास? बॉल फेकताना तू डोळे मिटायचा, म्हणून बॉल माझ्या छातीवर बसायचा. मी मागं बसून झेललं हाये, मले सांगू नको.

अपेक्षाले रोज रोज फेकायले लावू नको. तू अंगणात उभं राहून तिच्याकडून संध्याकाळी बॉल टाकून घेशील, हे मले इथं बसून दिसून राह्यलं. खांदा हाये तो, मोटरपंप नाई. सरायचं काम सरायले करू दे.

माझ्या पनवतीची काळजी करू नको. नऊ तारखेले मी दुकानाचं शटर अर्धं पाडून आत बसणार हाये. फोन मंदाजवळ राहीन. गावासाठी एवढा त्याग कोणी केला नसन. मी मेल्यावर मैदानाच्या फाटकाबाहेर माझा पुतळा उभारा, आत नको.

एक गोष्ट मात्र मंदानं विचारली अन् मलेही खटकली. तुनं दोन पानं भरून लिहिलं, गुंजनचा बाप काय करते तेही लिहिलं, पण सुमित्राचं नाव त्यात नाई. पोरीच्या आईनं सामना पाह्यला का? धर्मेंद्र गेल्यापासून ती घर अन् वावर याच्या बाहेर कुठं दिसत नाई असं मंदा म्हणते. या येळी तिले सोबत घेऊन जाजो. आई समोर बसली असली म्हणजे पोरीचा हात अजून मोकळा होईन.

मधुकर


हिंगणी
१० नोव्हेंबर २०२५

मधुकर,

आपण जिंकलो. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुले वाटन की हरलो. पाच-चार. आता आपण फायनलमधे हावो, तेवीस तारखेले, वर्ध्याले, पुलगावच्या विरुद्ध. पण घरात दिवा लावायचं मन नाई.

काय झालं ते ऐक. आपण मागं होतो, दोन-तीन. मंग दोन रन निघाले, चार-तीन झाले. गाव बोंबलून राह्यलं होतं. पाचव्या डावात अपेक्षा फेकायले आली. पह्यला बॉल फेकायच्या आधी गुंजन तिच्याजवळ गेली, काहीतरी बोलली. अपेक्षानं बाकाकडं पाह्यलं. अन् मंग, मधुकर, तिनं बॉल खाली ठेवला. जिथं उभी होती तिथंच, मातीवर. हातातला मोजा काढला, त्याच्यावर ठेवला, अन् सगळ्या मैदानातून चालत फाटकाबाहेर निघून गेली. पळत नाई, चालत. नागपूरचे ते दोघंजण पाहूनच राह्यले. एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगतलं.

मले वाटलं पोटात दुखलं असन. सर मागं धावले तं म्हणे, सर, माहं झालं. एवढंच. सरायनं आचलले फेकायले लावलं अन् त्या पोट्टीनं कसंबसं ओढून नेलं. तू म्हणत होता ते खरं, ती कामाची हाये.

मी घरी पोचलो तोपर्यंत माय-लेकी दोघीयनं पिशव्या भरल्या होत्या. दुपारच्या बसनं जामले गेल्या, सुमित्राच्या भावाकडं. लहानूचं तिथं चौकात हॉटेल हाये ना, चहा-आलूबोंड्याचं, तिथं. अपेक्षानं जाताना माह्या पाया नाई पडली. जन्मल्यापासून पह्यल्यांदा.

माहं डोस्कं चालून नाई राह्यलं. काय कमी केलं सांग मले. बूट आणून दिले, दूध बांधलं, शिकवून राह्यलो. अन् भर मैदानात, निवड करणारे समोर बसले असताना, पिचर बॉल ठेवून जाते? असं कधी ऐकलं तुनं? आजकालच्या पोट्ट्यायले काय पाहिजे काही समजत नाई.

तुनं लिहिलं म्हणून सुमित्राले आणलंही होतं म्या. ती मधातच उठून गेली. बायकायले घरची कामं असतात. ती गेली अन् दोन रन निघाले, ते वेगळं.

अपेक्षा तुहं ऐकते. तिले लिही, की असं करू नये. फायनलले तिच्याबिगर पुलगावसमोर आपली चटणी होईन.

रूपराव


देवळी
१३ नोव्हेंबर २०२५

रूपराव,

पत्र वाचून मी गल्ल्यावरच बसून राह्यलो. पिचरनं सामना सोडला? मधातून? आपल्या काळी तुले एकशे दोन ताप होता, तू उलटी करून येऊन फेकलं होतं. खेळाडूनं रागावावं, भांडावं, सरायले उलट बोलावं, पण बॉल खाली ठेवू नये. मी अपेक्षाले आजच लिहितो. गोडीनं लिहीन, पण लिहीन. तिले सांगीन, बेटा, टीममधल्या बाकीच्या पोरीयनं तुझं काय वाकडं केलं होतं. निवड करणाऱ्यायले वाटलं असन की पोरगी डोक्यानं फिरेल हाये. आता फायनलले चांगली खेळली तरच काही जमलं तं जमलं. सुमित्रानं तरी तिले समजावायचं, तं तिनंही पिशवी भरली. मले दोघीचंही नवल वाटते.

इथवर लिहून झालं होतं. खोडत नाई. मी किती लवकर कोणाले बोल लावतो ते माझं मलेच दिसू दे.

मंदा आत आली. तिचं अन् रुख्मावहिनीचं फोनवर बोलणं झालं होतं. आपल्या फोनवर बंदी हाये, बायकायच्या नाई, हे तू विसरला.

वहिनीनं जे सांगितलं ते असं. आपण मागं होतो. तू उठला, बायका बसल्या होत्या त्या बाकाजवळ गेला, अन् साऱ्या बायकायसमोर आपल्या सुनेले म्हटलं, सुमित्रा, तू जरा घरी जा, तू आली तेव्हापासून आपलं उलटं होऊन राह्यलं. तिनं पिशवी उचलली अन् गेली. गुंजन पाणी प्यायले तिथंच आली होती, तिनं ऐकलं. पुढचं तुले माहीत हाये. तू मले लिहिलं, बायकायले घरची कामं असतात.

रूपराव, मी दुकान बंद केलं. गिऱ्हाईक होतं, त्याले उद्या ये म्हटलं. मले तुझी लाज वाटून राह्यली. आपली साठ वर्षाची दोस्ती हाये, तुझे वाईट दिवसही मी पाह्यले, पण लाज आजच वाटली.

अन् माझीही वाटली. तुम्ही मले पनवती म्हटलं, मी हसलो. पुतळ्याची गंमत केली. मले हसता येते, कारण सामना संपला की माझी पनवती संपते. कोणाच्या लग्नात मले पुढं बसवतात, गणपतीची आरती माझ्या हातात देतात. सुमित्राले तीन वर्षात कोणी हळद लावायले पुढं बोलावलं का? मंदाले विचारलं तं ती म्हणाली, तुम्हाले आज दिसलं का हे. मी वीस वर्षं हसत घरी बसलो, अन् तुम्हाले त्या खेळाची सवय लागत गेली. मले म्हणता म्हणता तिले म्हटलं.

ती पोरगी बॉल ठेवून गेली म्हणून मी तिले लिहिणार होतो. आता काय लिहू? मी तिच्या जागी असतो तं बॉल तुझ्या अंगावर फेकला असता.

मधुकर


हिंगणी
१६ नोव्हेंबर २०२५

मधुकर,

मले शिकवू नको. तू दुकानात बसून पत्र लिहिते, मैदानावर मी असतो. दोन-तीन मागं होतो, ती गेली, चार-तीन झाले. हे म्या नाई बनवलं, साऱ्या गावानं पाह्यलं. अन् म्या काय तिले घरातून काढलं का? जरा घरी जा म्हटलं. जरा. सामना संपल्यावर म्याच तिले सांगणार होतो की जिंकलो म्हणून.

तुले वीस वर्षं पनवती म्हणतो, तुले तं कधी राग नाई आला.

रुख्मा ताट वाढते अन् निघून जाते. पाणी मागितलं तं पाण्याचा लोटा आपटते. पारावर गेलो तं गुंजनचा बाप मले पाहून उठला. गजेंद्र सर म्हणाले, काका, तुमच्यामुळं झालं हे, आता तुम्हीच निस्तरा. निस्तरा म्हणे. मले. मैदानावरचे दगड म्या वेचले, या पोट्ट्या जन्मल्याही नव्हत्या तेव्हा.

अंगणात तिचा बॉल पडेल हाये. तो उचलून आत ठेवायचंही मले जमून नाई राह्यलं.

भांडण आपण मंग करू. आता काय करू ते सांग.

रूपराव


देवळी
१८ नोव्हेंबर २०२५

रूपराव,

जामले जा. कोणाले पाठवू नको, सरायले नाई, रुख्मावहिनीले नाई. स्वतः जा. फळं-मिठाई काही नेऊ नको, रिकाम्या हातानं जा.

पोरीशी बोलायच्या आधी तिच्या आईशी बोल. अन् सामन्याचं नाव पह्यले काढू नको. तू काढशीलच, तरी सांगून ठेवतो.

मधुकर


हिंगणी
२० नोव्हेंबर २०२५

मधुकर,

आज जामले गेलतो. तुनं सांगतलं होतं तरी म्या पह्यले सामन्याचंच काढलं. तोंडातून तेच निघालं.

लहानूचं हॉटेल तुले माहीत हाये, चौकातच. नागपूर-चंद्रपूरच्या गाड्या थांबतात. सुमित्रा आत कढईपाशी होती. मले पाहून पदर सारखा केला, बाकडं पुसलं, चहा आणून ठेवला. घरी ठेवते तसाच, साखर कमी. म्या म्हटलं, सुमित्रा, रविवारी फायनल हाये. ती म्हणाली, हो मामाजी, अपेक्षानं सांगतलं. म्या चहा खाली ठेवला. मंग म्हटलं, माहं चुकलं.

ती म्हणाली, मामाजी, तुम्ही उठ म्हटलं, मी उठली. मले सवय हाये. बारशाले गेली तं पाळण्याजवळ नाई जात. हळदीले मागच्या खोलीत बसते, कोणी बसवायच्या आधीच बसते. ते मी कोणाले बोलली नाई. पण तुम्ही आलेच तं एक गोष्ट विचारू का?

म्या म्हटलं विचार.

ती म्हणाली, त्या दिवशी गाडी हे चालवत होते, अन् ह्यायच्या मागं तुम्ही बसून होते. मी घरी पोळ्या करून राह्यली होती. मंग पाय पांढरा माहाच कसा झाला?

मधुकर, ती रागानं नाई बोलली. बापाले पोरगी एखादी गोष्ट विचारते, तशी विचारली अन् उत्तरासाठी थांबली. कढईतले आलूबोंडे जळून राह्यले होते, लहानूनं येऊन झारा घेतला.

तुले तं सारंच माहीत हाये. मी बाजूच्या वावरात फेकल्या गेलो. कोपर सोललं, बस. तेरा दिवस घरी माणसं येत होती, माह्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होती, देवानं तुम्हाले वाचवलं रूपराव. त्याच ओसरीतून आत जात होती अन् सुमित्राकडं पाहून मान हलवत होती. मी वाचलो ती देवाची कृपा. तो गेला ते तिच्यामुळं. तीन वर्षं मी त्याच ओसरीत बसून राह्यलो अन् एकदाही हे माह्या मनात नाई आलं. तुह्या तरी आलं का? तुनं एवढं मोठं पत्र लिहिलं, त्यातही नव्हतं. गावात कोणाच्याच मनात नाई आलं. आलूबोंडे तळता तळता तिच्या मनात आलं. का पह्यल्या दिवसापासूनच होतं अन् ती आपल्याले वाढत राह्यली, ते मले माहीत नाई.

अपेक्षा मागं बसली होती. तिनं माह्याकडं न पाहता सांगतलं, मी रविवारी खेळीन, टीमसाठी खेळीन, आई माह्यासोबत येईन अन् पुढच्या बाकावर बसन. म्या म्हटलं, बस बेटा.

मी काही वर्ध्याले येत नाई. आता मले समजलं. पोराच्या मागं मीच बसून होतो. समुद्रपूरलेही मीच घेऊन गेलतो त्याले, तो नाई म्हणत होता, वावरात काम होतं. एवढे दिवस आपण तुले नावं ठेवत होतो अन् खरा मी निघालो. त्या पोट्टीचा सामना मले नाई बिघडवायचा. तू जा. पनवती तू नाईस. सुमित्राच्या बाजूले बस, तिले एकटं वाटू देऊ नको.

रूपराव


जाम
२५ नोव्हेंबर २०२५

मामाजी,

नमस्कार करते. तुम्हाले मी कधी पत्र लिहिलं नाई, एका घरात राहून कोण कोणाले लिहिते. पण मधुकरकाका म्हणाले, रूपराव फोनवर नुसता बोलते, कागदावर ऐकते. म्हणून लिहून राह्यली.

आपण हरलो. चार-पाच. शेवटच्या डावात बरोबरीत होतो. अपेक्षानं चांगलं फेकलं, पुलगावच्या पोरीले तो बॉल लागलाच नाई, पण गुंजनच्या मोज्यातून सुटून मागं गेला अन् तेवढ्यात त्यायच्या एका पोरीनं धावून रन पुरा केला. गुंजन तिथंच बसून रडली. अपेक्षानं तिले उठवलं. आचलनं दोन येळा मारलं, तुम्ही म्हणता तसे डोळे मिटून मारलं का ते मले दुरून नाई दिसलं.

मधुकरकाका माह्या बाजूले होते. वीस वर्षानंतर सामना पाह्यला म्हणे, पण पाह्यला कुठं, अर्धा येळ डोळ्यावर हात होता. बॉल सुटला तसे ते उठले. म्हणाले, सुमित्रा, माह्यानंच झालं, मी यायलेच नाई पाहिजे होतं. अन् निघाले. म्या त्यायची बाही धरली. म्हटलं, खाली बसा काका, गुंजनच्या हातून बॉल सुटला, एवढंच झालं. ते बसले.

दुसरं सांगायचं ते लपवत नाई. निवड करणाऱ्यायनं गुंजनले घेतलं, अपेक्षाले नाई घेतलं. गजेंद्र सरायनं त्यायले हात जोडून विचारलं. ते म्हणाले, पोरीचा हात चांगला हाये, पण मैदान सोडून जाणारी खेळाडू आम्हाले नको. पुढच्या वर्षी पाहू. अपेक्षा बसमधे पूर्ण रस्ताभर रडली. रात्री जेवली नाई. मीही तिले जेव म्हटलं नाई, कारण माह्यापायी तिनं काय सोडलं ते मले समजत होतं. काल सकाळी उठून मागच्या भिंतीवर बॉल फेकत होती. तिचा लहानूमामा ओरडला, पोपडे निघून राह्यले म्हणून.

मी घरी कधी येईन ते अजून ठरवलं नाई. घरी आत्याबाईले सांगा, माहा त्यायच्यावर राग नाई. तुमच्यावर हाये, थोडा. तो जाईन तेव्हा जाईन.

रविवारी तुम्ही आले नाई. अपेक्षा प्रत्येक डावात फाटकाकडं पाहत होती, विचारलं तं ती नाई म्हणन. तुम्ही का आले नाई ते मधुकरकाकानं मले सांगतलं. मामाजी, मी तुम्हाले जे विचारलं ते यासाठी नव्हतं विचारलं, की आता तुम्ही घरात तोंड लपवून बसावं. तुम्ही नव्हते म्हणून हरलो असं कोणी म्हटलं तं मी ऐकणार नाई. तुम्ही असते तरी हरलो असतो. त्या दिवशी ट्रकवाल्यानं गाडी आपल्या बाजूले घातली. तुम्ही मागं बसले होते, कारण तुम्ही त्यायचे बाप होते.

जानेवारीत आर्वीले सामने हायेत. तुम्ही या. गर्दी राहीन, पण माह्या बाजूची जागा मी धरून ठेवीन.

सुमित्रा